पहिली गिटार : नवशिक्यांच्या इतिहासातील काही पाने



परीक्षा आटोपतात, बाजारात आंबा दिसू लागतो, मुलांना मोठी सुट्टी लागते, आणि आमच्या परिचयाच्या निदान दोन-तीन घरांतून दरसाल एकच प्रश्न आमच्याकडे येतो : "धाकटी गिटारीसाठी हट्ट धरून बसली आहे; कोणती घ्यावी?" वास्तविक आम्ही वादक नव्हे. आमच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर एक जुनी गिटार टांगलेली आहे, एवढ्यावरून लोकांनी आम्हांस जाणकार ठरवले आहे. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी; कोणी दुकानाचा पत्ता विचारला तरी आमचे मन आधी सतराव्या शतकात जाऊन येते. या वर्षी चालकांनी विषयाची निवड आमच्यावरच सोपवली, म्हणून तो घरगुती प्रश्नच आम्ही आज आपल्यापुढे मांडत आहोत. पहिले वाद्य कसे निवडावे आणि शिकण्यास आरंभ कसा करावा, या प्रश्नाला गिटारीच्या बाबतीत जवळजवळ पाचशे वर्षांचा इतिहास आहे. तो ठाऊक असला तर उत्तर पुष्कळ सोपे होते.

वाद्यांचा इतिहास सामान्यतः थोर वादकांच्या नावांनी लिहिला जातो. परंतु थोर वादक मोजके असतात, आणि वाद्य जगते ते असंख्य नवशिक्यांच्या हातांत. गिटारीच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे. तिच्यासाठी लिहिलेली पुस्तके, तिच्या तारांची संख्या, तिची किंमत, या सर्वांवर ज्याला अजून काहीच येत नाही अशा माणसाची छाप आहे. आणि जेव्हा जेव्हा त्याच्यासाठी दार थोडे रुंद झाले, तेव्हा तेव्हा कोणीतरी जाणत्याने तक्रार केली आहे की, वाद्य आता हलके झाले. ही तक्रार कितपत खरी होती, हे पाहणे हाच आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

आरंभी एक गैरसमज दूर करू. सतार आणि गिटार या दोन्ही शब्दांच्या शेवटी 'तार' ऐकू येते, त्यावरून दोन्ही एकाच घराण्यातील असे पुष्कळांस वाटते. सतार हा फारसी शब्द. तीन तारांचे वाद्य असा त्याचा अर्थ. गिटार हे नाव मात्र ग्रीक 'किथारा'पासून निघून, अरबीतून स्पेनमध्ये पोचले. नावे भेटली ती योगायोगाने. तथापि सतारीच्या परिभाषेतील पडदा, खुंटी, घोडी, तबली हे शब्द गिटारीलाही चालतात, आणि आम्ही तेच वापरणार आहोत.

सोळाव्या शतकाच्या आरंभी स्पेनमध्ये दोन सारखी दिसणारी वाद्ये होती. एक विहुएला, सहा जोडतारांची, दरबारात मानाने बसणारी. दुसरी गिटार, आकाराने लहान, चार जोडतारांची, साध्या लोकांची. विहुएलाचे पहिले छापील पुस्तक व्हॅलेन्सिया येथे १५३६ साली निघाले. लेखक लुईस मिलान, आणि पुस्तकाचे नाव 'एल माएस्त्रो', म्हणजे 'गुरू'. नाव साभिप्राय आहे. ज्याने हातात वाद्य कधी धरलेले नाही त्याला गुरूने जसे शिकवावे तसे या पुस्तकाने शिकवावे, सोप्याकडून अवघडाकडे न्यावे, अशी त्याची योजना होती. तारांसाठी ओळी आणि पडद्यांसाठी आकडे, अशी त्याची लिपी. वरची ओळ उंच स्वराच्या तारेची, ही मिलानची मांडणी आज गिटार शिकणाऱ्या मुलांच्या वहीत जशीच्या तशी दिसते. हे पुस्तक अर्पण केले आहे पोर्तुगालच्या तिसऱ्या जुआंव राजास. त्या वेळी गोवा याच राजाच्या सत्तेखाली होता, हे ध्यानात ठेवावे. गोव्याकडे आपल्याला पुढे यायचे आहे.

पण विहुएला दरबाराबरोबरच मावळली आणि तिची गरीब बहीण टिकली. का टिकली, याचे उत्तर दुसऱ्या एका छोटेखानी पुस्तकात सापडते. हुआन कार्लोस आमात हा कॅटलोनियातील एक वैद्य. त्याने १५९६ साली पाच जोडतारांच्या गिटारीवर एक पुस्तिका लिहिली. त्यात त्याने एक साधी गोष्ट केली. गाण्याच्या साथीला लागणारे स्वरमेळ, ज्यांना आज आपण कॉर्ड म्हणतो, ते त्याने चोवीस ठरवले. बारा एका जातीचे, बारा दुसऱ्या. आणि प्रत्येकाला क्रमांक दिला. अमुक क्रमांकाला अमुक बोट अमुक पडद्यावर, एवढे पाठ केले की कोणत्याही गाण्याची साथ करता यावी. वैद्याने औषधाची मात्रा लिहून द्यावी, तसेच हे झाले. ही पुस्तिका दोनशेहून अधिक वर्षे पुन्हा पुन्हा छापली जात होती. यावरून तिची गरज किती होती ते कळते.

इटलीत हीच गोष्ट आकड्यांऐवजी अक्षरांनी झाली. जिरोलामो मोंतेसार्दो याने १६०६ साली फ्लॉरेन्स येथे एक पुस्तक छापले. त्याच्या लांबलचक नावातच आश्वासन आहे की, या पद्धतीने कोणालाही गुरूवाचून स्वतःचे स्वतः शिकता येईल. येथे 'अ' अक्षराचा अर्थ अमुक एक स्वर असा नसून हाताची अमुक एक ठेवण असा होता. शिकणाऱ्याने स्वर वाचायचे नाहीत, हात वाचायचा. संगीतशास्त्राच्या दृष्टीने ही पळवाट म्हणता येईल. पण तिने संध्याकाळी घरी चार माणसे गात बसण्याची सोय केली.

तक्रारही लगेच आली. स्पॅनिश भाषेचा प्रसिद्ध कोशकार सेबास्तियान दे कोवार्रुबियास याने १६११ च्या आपल्या कोशात विहुएलाची महती सांगून गिटारीवर राग काढला आहे. त्याच्या मते गिटार म्हणजे गुराच्या गळ्यातली घंटा; वाजवायला इतकी सोपी की तबेल्यातला प्रत्येक पोऱ्या आज गिटारवादक होऊन बसला आहे. कोशात शब्दाचा अर्थ द्यावा, तेथे या विद्वानाने आपले दुःख दिले. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे दुःख फार उपयोगी आहे. १६११ साली तबेल्यातील पोऱ्याच्या हाती वाद्य आले होते, ही वार्ता आपल्याला त्याच्या निंदकाकडून मिळते.

श्रोतेहो, हे ऐकताना आपल्याला आपल्याच घरची एक हकीकत आठवली असेल. बाजाची पेटी आपल्याकडे आली, घरोघर पोचली, नाटकमंडळ्यांत, कीर्तनांत, शाळांत बसली. आणि १९४० साली आकाशवाणीने तिला दार बंद केले. ते दार उघडावयास १९७१ साल उजाडले. पेटीवरचा आक्षेप पोकळ होता असे आम्ही म्हणत नाही. तिच्यात मींड निघत नाही, श्रुतींचे सूक्ष्म भेद तिला दाखवता येत नाहीत, हे खरेच आहे. परंतु ज्या पेटीला अपुरी म्हटले त्याच पेटीवर गोविंदराव टेंबे यांनी काय उभे केले, हेही तितकेच खरे आहे. वाद्य सोपे असणे म्हणजे उंबरठा ठेंगणा असणे. आत घर केवढे आहे, हे उंबरठ्यावरून ठरत नाही.

गिटारीच्या घरातील आतल्या खोल्या लवकरच दिसू लागल्या. गास्पार सान्स याने सारागोसा येथे १६७४ साली जे पुस्तक काढले, त्यात तारांवरून सरसकट हात फिरवणे आणि एकेक तार वेचून वाजवणे, असे दोन्ही मार्ग आहेत. त्याहून मोलाचे म्हणजे, तारा कोणत्या लावाव्यात याची चर्चा त्याने आरंभीच केली आहे. गाण्याला भरदार साथ करायची असेल तर जाड खर्जाच्या तारा लावाव्यात. नाजूक, वेचक वादन करायचे असेल तर बारीक लावाव्यात, असा त्याचा अभिप्राय. म्हणजे काय वाजवायचे ते आधी ठरवा आणि मग वाद्याकडे वळा. दुकानात जाणाऱ्या आजच्या पालकाला याहून चांगला सल्ला आम्हांला देता येणार नाही.

अठराव्या शतकाच्या अखेरीस जोडतारा जाऊन एकेरी सहा तारा आल्या. हा बदल केवळ नादासाठी झाला असे समजू नये. आतड्याच्या तातीच्या दहा तारा दोन-दोन करून एका सुरात मिळवणे हे नवशिक्याला केवढे संकट असेल! सहा तारांनी ते निम्म्यावर आणले. पुढील पन्नास वर्षांत पॅरिसला गिटारीचे वेडच लागले. कारुली, कार्कास्सी, आग्वादो यांची शिक्षणपुस्तके एकामागून एक निघाली. यांत आम्हांला सर्वांत आदरणीय वाटतो तो फेर्नांदो सोर. बार्सेलोनात जन्मलेला हा संगीतकार नृत्यनाट्यांनाही संगीत देत असे. त्याची शिक्षणपद्धती १८३० साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाली. पण मोठेपण आणखी एका गोष्टीत आहे. अगदी नव्या विद्यार्थ्यांसाठी त्याने चोवीस पाठांचा एक संच रचला, आणि त्यातले पहिले पाठ अत्यंत सोपे असूनही ते संगीत आहेत. बोटांना कवायत द्यायची म्हणून कसेही स्वर जुळवून दिलेले नाहीत. नवशिक्यालाही पहिल्या दिवसापासून सुंदर काही वाजवण्याचा अधिकार आहे, हे सोरने मानले. हे फार थोडे शिक्षक मानतात.

वादकांनंतर कारागिरांकडे वळू. स्पेनच्या आल्मेरिया गावचा आन्तोनियो दे तोर्रेस (१८१७–१८९२) हा मुळात सुतार. आज जिला आपण शास्त्रीय गिटार म्हणतो तिचे माप आणि तबलीच्या आतील पंख्यासारख्या पट्ट्यांची रचना त्याच्या हाताखाली स्थिर झाली. त्याने १८६२ साली एक गिटार केली, तिच्या पेटीच्या बाजू आणि पाठ चक्क पुठ्ठ्याच्या! फक्त तबली उत्तम लाकडाची. नाद तबलीत असतो, बाकीच्या शोभेत नसतो, हे त्याला सिद्ध करायचे होते. चकाकी आणि नक्षी पाहून वाद्य घेणाऱ्या प्रत्येकाने ही पुठ्ठ्याची गिटार आठवावी.

दुसरा कारागीर जर्मन. सॅक्सनीतील मार्कनॉयकिर्शेन गावात व्हायोलिन करणाऱ्यांचा संघ आणि लाकूडसामान करणाऱ्यांचा संघ यांच्यात, गिटार करण्याचा हक्क कोणाचा, यावर वर्षानुवर्षे भांडण चालले होते. लाकूडसामानवाल्यांच्या बाजूचा ख्रिस्तियान फ्रेडरिक मार्टिन हा १८३३ साली न्यूयॉर्कला निघून गेला आणि तेथे त्याने स्वतःचा कारखाना काढला. जातिबंधनासारखे संघाचे बंधन जेथे नव्हते, तेथे गिटार वेगाने वाढली. त्या शतकाच्या शेवटच्या दशकात तर अमेरिकेतील मोठ्या पेढ्या टपालाने मागवायच्या मालाच्या यादीत, शिवणयंत्रे आणि नांगर यांच्याबरोबर, स्वस्त गिटारीही विकू लागल्या. दूरच्या शेतवाडीवर राहणाऱ्या माणसाच्या दारात वाद्य येऊन पडू लागले. ते चांगले असेच असे नाही; पण आले.

या स्वस्त वाद्यांनी काय केले, हे एका मुलीच्या हकीकतीवरून सांगतो. आमच्या मते गिटारीच्या सबंध इतिहासातील ही सर्वांत मोलाची हकीकत आहे.

उत्तर कॅरोलायना प्रांतातील एलिझाबेथ कॉटन ही कृष्णवर्णीय मुलगी १८९३ साली जन्मली. अकरा-बारा वर्षांची असताना ती लोकांच्या घरी कामाला जाऊ लागली. महिन्याचा पगार डॉलरहून कमी. त्यातून साठवून तिने पावणेचार डॉलरांची एक गिटार विकत घेतली. शिकवायला कोणी नव्हते. शिवाय ती डावखुरी. तिने तारा उलट लावल्या नाहीत. वाद्यच उलटे धरले. त्यामुळे इतर वादक अंगठ्याने जे वाजवतात ते ती बोटांनी वाजवू लागली आणि बोटांचे काम अंगठ्याने करू लागली. या उफराट्या पद्धतीतून एक स्वतंत्र शैली निर्माण झाली, आणि त्याच लहान वयात तिने 'फ्रेट ट्रेन' हे गाणे रचले. पुढे लग्न झाले, संसार आला, चर्चमधील मंडळींनी असले गाणेबजावणे बरे नव्हे असे सांगितले, आणि गिटार सुटली. ती कित्येक दशके सुटली होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर ती वॉशिंग्टनमध्ये सीगर नावाच्या संगीतज्ञ कुटुंबात घरकामाला राहिली. त्या घरात गिटार होती. एके दिवशी तिने ती हातात घेतली, आणि बोटे काहीच विसरली नव्हती असे आढळले. तिची पहिली ध्वनिमुद्रिका १९५८ साली निघाली. तेव्हा तिचे वय पासष्ट होते. पुढे १९८५ साली तिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

याच १८९३ साली स्पेनमध्ये आंद्रेस सेगोव्हिया जन्मला. गिटारीला जगातील मोठ्या सभागृहांत मानाचे आसन देणारा हा महान वादकही, आपण स्वतःच आपले गुरू आणि स्वतःच आपले शिष्य, असेच सांगत असे. घरच्यांना हे वाद्य प्रतिष्ठित वाटत नव्हते. १९१२ साली माद्रिदच्या मान्वेल रामिरेस या कारागिराने त्याचे वादन ऐकून त्याला एक उत्तम गिटार भेट दिली, असे त्याने आपल्या आत्मचरित्रात सांगितले आहे. एकाला उत्तम कारागिराची भेट, दुसरीला पावणेचार डॉलरांचे वाद्य. एक राजधान्यांत, दुसरी परक्यांच्या स्वयंपाकघरात. आणि दोघेही १९८७ च्या एकाच जून महिन्यात निवर्तले. इतिहास अशा जोड्या क्वचितच लावून देतो. कोवार्रुबियासचा तबेल्यातील पोऱ्या आणि दरबारी कलावंत हे शेवटी एकाच वाद्याची दोन मुले निघाली.

यानंतरची पावले झरझर सांगतो. महायुद्धाच्या सुमारास आतड्याच्या तातीची टंचाई झाली. न्यूयॉर्कमधील आल्बर्ट ऑगस्टीन याने सेगोव्हियाच्या उत्तेजनाने नायलॉनच्या तारा तयार केल्या. त्या सुबक, टिकाऊ आणि बोटांना मऊ. इंग्लंडमध्ये १९५६ साली लॉनी डॉनेगन याचे 'रॉक आयलंड लाईन' गाजले आणि पोराटोरांना गिटारीचा ध्यास लागला. लगेच १९५७ साली बर्ट वीडन याचे, एका दिवसात वाजवायला शिका अशा अर्थाच्या नावाचे, पुस्तक निघाले. एका दिवसात कोणी काही शिकत नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. पण पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन, एरिक क्लॅप्टन यांच्या हातांत आरंभी हेच पुस्तक होते. मोंतेसार्दोने १६०६ साली दिलेले आश्वासन साडेतीनशे वर्षांनी पुन्हा छापले गेले, आणि पुन्हा खरे ठरले.

आता आपल्या अंगणात येऊ. पोर्तुगीज राजवटीत गोव्याच्या गावोगावी चर्चला जोडलेल्या शाळा होत्या. तेथे मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. या शाळांतून तयार झालेले गोवेकर वादक पोटासाठी मुंबईला आले. धोबीतलावाच्या परिसरात आपापल्या गावच्या 'कुडां'त राहिले. बँडांत, हॉटेलांत आणि पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरले. मुंबईच्या ज्या भागात आजही पाश्चात्त्य वाद्यांची दुकाने आहेत, तो हाच. मुंबईच्या कानाला गिटारीची सवय लावण्यात या मंडळींचा वाटा फार मोठा आहे, आणि त्यांची नावे चित्रपटांच्या पाट्यांवर सहसा आली नाहीत, हे खेदाने नमूद केले पाहिजे.

दुसरी वाट हवाई बेटांवरून आली. तेथे गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारा न दाबता, त्यांवरून पोलादी कांब सरकवत वाजवण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघाली. तिचे श्रेय जोसेफ केकुकू याला देतात. कांब सरकली की स्वर घसरत जातो, म्हणजे आपली मींडच! त्यामुळे ही पद्धत भारताला विशेष मानवली. हवाईचे ताऊ मो हे वादक १९४० च्या दशकात कलकत्त्यास राहून गेले. ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटारीवर राग उभे केले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची त्यांची ध्वनिमुद्रिका १९६७ ची. विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेने १९९४ साली ग्रॅमी आणली. आपल्या दुकानांत 'स्पॅनिश गिटार' असा शब्द अजून ऐकू येतो, तो या हवाई प्रकारापासून वेगळेपण दाखवण्यासाठी. हवाई गिटारीच्या तारा मुद्दाम उंच ठेवलेल्या असतात, कारण त्या दाबायच्याच नसतात. स्पॅनिश गिटारीच्या तारा मात्र दाबायच्या असतात. हा भेद लक्षात न घेतल्याने काय होते, ते आता आमच्याच अनुभवाने सांगतो.

कॉलेजात असताना आम्ही शिकवण्या करून पैसे जमवले आणि एका दुकानातून गिटार आणली. लाल-पिवळ्या रोगणाने ती अशी झळकत होती की दुसऱ्या कोणत्या गोष्टीकडे आमचे लक्षच गेले नाही. घरी आल्यावर पाहतो तो मधल्या पडद्यांपाशी तारेखालून पेन्सिल सहज सरकावी. तार दाबायला दोन्ही हातांचे बळ लागे. तिसऱ्या आठवड्यात बोटांना फोड आले, चौथ्या आठवड्यात आई म्हणाली, "अरे, सगळ्यांनाच काही सगळे जमत नाही." आम्हांलाही ते पटले. गिटार माळ्यावर गेली आणि बारा-चौदा वर्षे तेथे राहिली. पुढे घर बदलताना ती खाली काढली आणि वाद्ये दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांना दाखवली. त्यांनी घोडीवरची हाडाची पट्टी काढली, कानशीने घासली, पुन्हा बसवली. अर्ध्या तासाचे काम. "आता दाबा," म्हणाले. बोट टेकताच तार दबली. आम्ही इतकी वर्षे आमच्या बोटांना दोष देत होतो. दोष हाडाच्या एका पट्टीचा होता. तीच गिटार आज आमच्या भिंतीवर आहे.

म्हणून दरवर्षी विचारला जाणारा तो प्रश्न आम्ही हलका समजत नाही. कोणत्या मुलाच्या मनात 'मला जमत नाही' हे वाक्य कायमचे बसते आणि कोणाच्या बसत नाही, हे पुष्कळदा त्या पहिल्या महिन्यात, त्या पहिल्या वाद्यावर ठरते.

तेव्हा आमचे उत्तर असे. प्रथम गास्पार सान्सचे ऐका : काय वाजवायचे ते ठरवा. एकेक तार वेचून वाजवायची असेल, किंवा बोटे फारच कोवळी असतील, तर नायलॉनच्या तारांची शास्त्रीय गिटार घ्या. चित्रपटगीतांना नखीने भरदार साथ करायची असेल तर पोलादी तारांची. नायलॉनच्या सहा तारांचा एकूण ताण सुमारे चाळीस किलो असतो, पोलादी तारांचा सत्तरच्या पुढे. यावरून बोटांना पडणारा फरक ओळखावा. आणि नायलॉनसाठी केलेल्या गिटारीला पोलादी तारा कधीही लावू नयेत, घोडी उखडते.

दुसरे, माप पाहा. मोठ्यांच्या गिटारीत तारेचा वाजता भाग सुमारे ६५० मिलिमीटर असतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला तो पेलत नाही; त्याच्यासाठी लहान मापाच्या गिटारी मिळतात. 'पुढे वाढेल' म्हणून शर्ट मोठा घ्यावा, वाद्य घेऊ नये.

तिसरे, तोर्रेसचे ऐका : नक्षीकडे पाहू नका. बाराव्या पडद्यापाशी तारेची उंची पाहा. नायलॉनच्या गिटारीत ती तीन-चार मिलिमीटर, पोलादी गिटारीत दोन ते तीन मिलिमीटर असावी. त्याच पडद्यावर तार अलगद स्पर्शून छेडा आणि मग दाबून छेडा. दोन्ही वेळा स्वर एकच निघाला पाहिजे. न निघाला तर ती गिटार कधीच सुरात बोलणार नाही. दांडी सरळ आहे का, खुंट्या सरकत नाहीत ना, पडद्यांची टोके हाताला बोचत नाहीत ना, एवढे पाहिले की पुरे. अखंड लाकडाच्या तबलीचा नाद चांगला, हे निर्विवाद; पण आमच्या कोकणच्या आणि मुंबईच्या पावसाळ्यात थरांच्या लाकडाची साधी तबली नवशिक्याला अधिक निर्धोक. चांगल्या बेताने लावलेली स्वस्त गिटार ही वाईट लावलेल्या महाग गिटारीहून केव्हाही श्रेष्ठ.

चौथे, आरंभ. दिवसातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा सकाळी पंधरा मिनिटे आणि संध्याकाळी पंधरा मिनिटे बसावे. बोटे दुखली की थांबावे. दोन-तीन आठवड्यांत कातडी जाड होते. वाद्य रोज सुरात लावून मगच वाजवावे, नाहीतर कान बिघडतो. दोन-तीन स्वरमेळ येताच एक पुरे गाणे वाजवावे. आमातने आणि सोरने हेच सुचवले आहे. आणि गिटार कपाटात किंवा माळ्यावर ठेवू नये. येताजाता हात जाईल अशी ठेवावी.

राहिला प्रश्न गुरूचा. पुस्तकावरून शिकणाऱ्यांची एवढी स्तुती केली म्हणून आम्ही गुरूला विरोधी आहोत असे कोणी समजू नये. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, स्वरलिपीत पाठ्यपुस्तके छापली, आणि जी विद्या थोड्या घराण्यांच्या ओसरीवर होती ती वर्गात फी भरणाऱ्या कोणाही मुलामुलीपुढे ठेवली. त्यांनाही विद्या स्वस्त केल्याचा दोष ऐकावा लागला. पुस्तक हे गुरूच्या दारापर्यंतची वाट आहे. चांगला गुरू जवळ असेल तर भाग्यच. तो मनगटाचा दोष एका दिवसात दाखवील, तो पुस्तकाला वर्षभर दिसणार नाही. पण गुरू भेटेपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. पुस्तकाच्या आधारावर निघालेला माणूस गुरूपर्यंत पोचतो. न निघालेला कोठेच पोचत नाही.

ज्या घरांतून हा प्रश्न येतो, तेथे शेवटी एक पुस्ती हमखास जोडलेली असते : "चार दिवस वाजवील आणि टाकून देईल, मग पैसे फुकट!" त्यांना आम्ही एलिझाबेथ कॉटनची गोष्ट सांगतो. तिनेही गिटार टाकली होती. अकरा-बाराव्या वर्षी बोटांत जे शिरले, ते साठीच्या उंबरठ्यावर तसेच सापडले. मुलीने चार दिवस वाजवली तर चार दिवसांची पुंजी तिच्या बोटांत राहील. मात्र ते चार दिवस वाद्याने तिच्याशी भांडू नये, एवढे आपण पाहावे. पावणेचार डॉलरांच्या गिटारीने त्या मुलीला दगा दिला नाही. तशी एक गिटार प्रत्येक घरातील प्रत्येक धाकटीला मिळो, एवढी आमची इच्छा आहे.